पाय मोडला असता तर खुर्ची मिळाली असती

संपादक साहेब, नमस्कार.

नाव छापू नका, गाव लहान आहे. मी एका पतसंस्थेत कॅशियर आहे. मागच्या वर्षी दहा महिने घरी होते, डिप्रेशनमुळे. आधी आळस म्हणून झालं, मग दृष्ट काढून झाली, शेवटी वजन ९ किलो उतरलं आणि पहाटे तीनला जाग यायची ती परत डोळ्याला डोळा नाहीच, तेव्हा कुठं मिस्टरांनी मिरजेला डॉक्टरांकडे नेलं. गोळी घेतली की लगेच फरक पडतो असं लोकांना वाटतं, तसं नसतं हो, पहिले दोन-चार आठवडे नुसतं तोंड कोरडं आणि मळमळ, आणि बरं वाटायला लागलं तरी पुढं सहा महिने तरी गोळी सोडायची नाही.

तर मुद्दा कामावर परतण्याचा. जाऊबाई म्हणाल्या कावीळ झाली होती म्हणून सांग, मी नाही सांगितलं. सर्टिफिकेट ऑफिसात दिलं, ते क्लार्कनं सगळ्यांदेखत मोठ्यानं वाचलं, चहाच्या वेळेपर्यंत शिपायालासुद्धा माहिती. मग जो तो येऊन "टेन्शन नका घेऊ हं मॅडम". सकाळी गोळीची गुंगी असायची, शंभराचं बंडल मोजताना साठ-पासष्टला आले की आकडा हरवायचा, परत पहिल्यापासून. मशीन आहे, पण हात थरथरतात ते काउंटरवरच्या माणसाला दिसतंच ना.

मी एवढंच मागितलं की पंधरा दिवस ११ ते ३ येऊ द्या, पगार कापा. उत्तर आलं, फिट असाल तर पूर्ण वेळ या, नाहीतर रजा वाढवा. आमच्याकडेच एक जण गाडीवरून पडले होते, मांडीचं हाड मोडलं, ते वॉकर घेऊन आले तेव्हा त्यांना दोन महिने हाफ डे, खालच्या मजल्यावर खुर्ची, चहा जागेवर. त्यांचा मला राग नाही, त्यांच्या दवाखान्याच्या वर्गणीत मी पण पैसे दिलेत. पण २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात विमा कंपनीला सांगितलंय की मनाचा आजार शरीराच्या आजारासारखाच धरा, मग हजेरीपत्रकाला कोण सांगणार?

आणि ते सर्टिफिकेट बंद पाकिटात एकाच साहेबाकडे जाऊ द्या, बाकीच्यांना 'वैद्यकीय रजा' एवढं कळलं तरी पुरे.

आता तीन महिने झाले, कॅश टॅली होते. एकदा पाचशे कमी आले तर सगळे माझ्याकडेच बघत होते, नोट निघाली दुसऱ्याच काउंटरच्या ड्रॉवरमध्ये. सॉरी कुणी म्हटलं नाही, जाऊ दे.

रात्री कुणाला फारच जड गेलं तर १४४१६ वर फोन करा, सरकारचा आहे, फुकट आहे. आणि कुणाच्या ऑफिसनं अशा माणसाला हाफ डे दिला असेल तर अर्ज कसा केला, कोणत्या रजेत बसवलं ते इथंच लिहून कळवा. आमच्या मॅनेजरना कात्रण दाखवीन म्हणते.

एक वाचक, जि. सांगली