जुन्या पिकअपला नव्या गाडीचे पाटे

नागपूर
५ एप्रिल

प्रिय प्रमोद,

तुझं पत्र मिळालं. तुझ्या पिकअपचे मागचे पाटे (वजन झेलणाऱ्या पोलादी स्प्रिंगच्या पट्ट्या) दबून बसलेत, त्यांच्या टोकांतले रबरी बुश संपलेत, आणि आता जुन्याच मापाचे पाटे टाकायचे की त्याच कंपनीच्या नव्या पिकअपचे ओरिजिनल पाटे आणि शॉकअप (गाडीचं हेलकावणं थांबवणारे) चढवायचे, हा तुझा प्रश्न. माझं मत आधीच सांगतो. मागच्या बाजूला नव्या गाडीचे बसव, पुढचं आहे तसं ठेव. आणि मागचं बसवशील तर अख्खा सेट बसव: पाटे, शॅकल (पाट्याचं मागचं टोक चेसीला टांगणारा हलता दुवा), बुश, यू-बोल्ट (पाटे एक्सलला आवळणारे), शॉकअप आणि बंप स्टॉपर (गाडी फार दबली की आडवं येणारं रबर). कंपनीनं हे सगळं एकमेकांच्या हिशोबानं बनवलेलं असतं. त्यातला एकच भाग उचलून आणला, की बाकीचे त्याच्याशी जुळत नाहीत आणि दोष बिचाऱ्या पाट्याला लागतो.

पुढचं का नको, ते थोडक्यात. तुझ्या गाडीला पुढे सरळ एक्सल आणि पाटे आहेत. नव्या गाडीचं कॉइल स्प्रिंगवालं सस्पेंशन तिथे आणायचं म्हणजे चेसी कापणं, वेल्डिंग, स्टिअरिंगची जागा बदलणं. मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम आरसीवरच्या तपशिलात फरक पाडणाऱ्या फेरफाराला आडवं येतं, आणि आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी पासिंगला उभं राहावं लागतं. तिथे कापलेली चेसी दिसली की गाडी घरी. पुढे फक्त बुश आणि शॉकअप नवे घाल, टो-इन (पुढच्या चाकांची दिशा) तपासून घे, पुरे. मागच्या कामाचंही पासिंगवाल्या इन्स्पेक्टरला आधी विचारून घेजो, पार्टची बिलं जपून ठेवजो.

आता पाटे निवडायचे कसे. दुकानदार तुला "मोठ्या टनाचे घ्या, मजबूत असतात" म्हणेल. ऐकू नको. बोलेरो पिकअप एकाच नावानं १.३ टनाची येते आणि १.७ टनाचीही, आणि दोन्हींचे पाटे एक नाहीत. तू काटोलहून नागपूरच्या कळमना बाजारात संत्री आणतोस आणि परतीला बहुतेक रिकामा जातोस. कडक पाट्यांवर गाडी अर्धी भरलेली असली की माल उड्या खातो, खालच्या क्रेटमधली संत्री दबतात. शिवाय आरसीवर जे एकूण वजन लिहिलंय तेच कायद्यानं तुझं वजन. जाड पाटा टाकून ते वाढत नाही. हौसिंग (मागच्या एक्सलचं कवच), हबचे बेअरिंग आणि ब्रेकही जुनेच राहतात.

कडकपणाचा हिशोब डोक्यात ठेव. पाट्याची जाडी जरा वाढली तरी कडकपणा घनाच्या पटीत वाढतो. ७ मि.मी.ऐवजी ८ मि.मी.चे तेवढेच पाटे घेतले तर पॅक (पाट्यांचा जुडगा) जवळजवळ दीडपट कडक होतो. लांबी कमी झाली तरी तसंच: १२०० मि.मी.चा पॅक ११०० झाला की सुमारे ३० टक्के जास्त कडक. रुंदी आणि पाट्यांची संख्या मात्र सरळ प्रमाणात चालते. म्हणून नुसते पाटे मोजून काही कळत नाही, व्हर्नियर लावून जाडी घ्यावी लागते.

जुन्या पॅकचा कडकपणा घरीच मोजता येतो. सपाट जागी रिकामी गाडी उभी कर, मागच्या चाकाच्या केंद्रापासून वर बॉडीच्या कडेपर्यंत दोन्ही बाजूंचं माप घे. मग बरोबर एक्सलच्या वर सिमेंटची ८ पोती ठेव, म्हणजे ४०० किलो, दर बाजूला २००. पुन्हा माप घे. ४० मि.मी. खाली आली तर तुझा पॅक ५ किलो प्रति मि.मी.चा. आता समजा रिकाम्या गाडीचा पाट्यांवर येणारा भार दर बाजूला २५० किलो आहे. जुना पॅक ५० मि.मी. दबतो, दीडपट कडक पॅक ३३ दबेल. म्हणजे कमान तीच असली तरी गाडी मागून १७ मि.मी. उंच बसेल. या १७ मि.मी.वर पुढची बरीच भानगड अवलंबून आहे, म्हणून हा आकडा कागदावर हवा.

फिट बसतो की नाही हे नावावरून ठरत नाही, मापावरून ठरतं. पाट्याच्या पुढच्या डोळ्याच्या (टोकाच्या गोल वळणाच्या) केंद्रापासून सेंटर बोल्टपर्यंत (पाटे मधे एकत्र धरणारा बोल्ट) किती आणि सेंटर बोल्टपासून मागच्या डोळ्यापर्यंत किती, ही दोन मापं वेगवेगळी घे, मेन पाट्याच्या वरून टेप दाबत. एकूण लांबी जुळली आणि सेंटर बोल्ट १५ मि.मी. सरकलेला निघाला, तर हौसिंगही तेवढंच पुढेमागे जाईल: चाक मडगार्डमध्ये एका बाजूला दिसेल, गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांना फिरवणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टचा सरकता स्लाइड जॉइंट कमीजास्त आत जाईल. मग पाट्याची रुंदी, कारण हौसिंगवरची बैठक आणि खालची प्लेट त्याच रुंदीची असते. डोळ्याचा आतला व्यास, बुशच्या नळीची लांबी, हँगरच्या (डोळा चेसीला जोडणाऱ्या कंसाच्या) दोन कानांमधलं अंतर. सेंटर बोल्टच्या डोक्याचा व्यासही घे. हे लोक हमखास विसरतात. ते डोकं हौसिंगच्या बैठकीतल्या भोकात बसतं. भोक मोठं आणि डोकं लहान असेल तर ब्रेक मारताना हौसिंग सरकतं. लेथवाल्याकडून बरोबर मापाची स्टीलची रिंग करून घे, हा रीतसर उपाय आहे. बैठकीवर वेल्डिंगचे ठिपके देऊन भोक लहान करू नको. आणि पाट्याला ड्रिल किंवा वेल्डिंगची काडी लागता कामा नये. स्प्रिंगचं पोलाद पाणी दिलेलं असतं. उष्णतेनं ते पाणी उतरतं आणि पाटा तिथूनच तुटतो.

नवीन घ्यायचे तर डीलरच्या पार्ट काउंटरवर नव्या मॉडेलच्या चेसी नंबरवरून पार्ट नंबर काढून घे. जुन्या सामानातून उचलायचे असतील तर जोडी एकाच गाडीची घे. दोन्ही उलटे ठेवून कमानीची उंची मोज, १० मि.मी.हून जास्त फरक असेल तर सोडून दे. सेंटर बोल्टच्या भोकाभोवती आणि डोळ्याच्या वळणावर तडा शोध: तारेच्या ब्रशनं घासायचं, रॉकेल लावायचं, कोरडं पुसायचं, वर खडू फासायचा. तडा असेल तर थोड्या वेळात रॉकेल वर येऊन खडूवर रेघ उमटते.

शॉकअपबद्दल जरा जास्त लिहितो. जुन्या पॅकमध्ये पाटे एकमेकांवर पूर्ण घासतात आणि त्या घर्षणानंच गाडीचं हेलकावणं बरंच थांबतं. नव्या गाड्यांना पॅराबोलिक पाटे असतील, म्हणजे मधे जाड, टोकाकडे पातळ आणि संख्येनं कमी, तर ते फक्त मधे आणि टोकांना टेकतात. चाल मऊ होते, पण घर्षण जवळजवळ नसतं, सगळं काम शॉकअपवर येतं. असे पाटे आणि जुने शॉकअप अशी जोडी लावली की खड्ड्यातून निघालेली गाडी डुलत राहते, आणि लोक म्हणतात नवे पाटे खराब. नव्या शॉकअपची मिटलेली आणि उघडलेली लांबी घे. हौसिंग बंप स्टॉपरला टेकलेलं असताना शॉकअपमध्ये अजून १५ ते २० मि.मी. जागा उरली पाहिजे, नाहीतर खड्ड्याचा मार स्टॉपरऐवजी शॉकअपच्या तळावर बसतो आणि महिनाभरात तेल गळायला लागतं. चाक पूर्ण लोंबकळतानाही तो ताणून संपता कामा नये. बसवण्याआधी उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाब आणि ओढ, आतली हवा निघते.

आता बसवणं. आदल्या रात्री सगळ्या नटांवर गंज सोडवणारं तेल मार. पुढच्या चाकांना गुटके लाव, चेसीखाली पुढच्या हँगरच्या जरा पुढे घोड्या लाव, डिफखाली (हौसिंगच्या मधल्या गोळ्याखाली) ट्रॉली जॅक. एका वेळी एकच बाजू खोल, म्हणजे दुसरी बाजू हौसिंगला जागेवर धरून ठेवते. जुना बोल्ट बुशच्या नळीत गंजून धरला असेल तर ब्लेडनं काप. गॅस कटर लावला की रबर पेटतं आणि हँगरही तापतो. नवा बुश प्रेसनं बसव, डोळ्यावर हातोडा नको. आधी पुढचा डोळा हँगरमध्ये, मग मागचं शॅकल, मग जॅकनं हौसिंग वर घेत सेंटर बोल्टचं डोकं भोकात उतरव.

यू-बोल्ट नवेच घे. एकदा ताणलेला यू-बोल्ट पुन्हा तेवढी पकड देत नाही, शिवाय नव्या पॅकची जाडी वेगळी असल्यानं लांबीही बदलते. तिरपे, आलटून पालटून, तीन टप्प्यांत आवळ. आकडा कंपनीच्या मॅन्युअलचा धर. अंदाज म्हणून, ८.८ ग्रेडच्या एम१२ ला साधारण ८० न्यूटन-मीटर आणि एम१४ ला १२५ ते १३०. सेंटर बोल्ट तुटला की लोक बोल्टला शिव्या देतात. खरं कारण बहुतेक वेळा सैल यू-बोल्ट असतो, कारण हौसिंगला धरून ठेवायचं काम यू-बोल्टच्या पकडीचं आहे. सेंटर बोल्ट फक्त जागा दाखवतो.

आणि हे लाल शाईनं लिहून गॅरेजवाल्याच्या भिंतीला लाव: डोळ्याचे आणि शॅकलचे बोल्ट गाडी हवेत असताना आवळायचे नाहीत. हातानं घट्ट करायचे, गाडी चाकांवर उतरवायची, दोन-चार वेळा दाबून हलवायची, मग पूर्ण आवळायचे. रबरी बुशची आतली नळी बोल्टनं जखडली जाते आणि रबर पिळतं. हवेत आवळलं तर गाडी उतरल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, त्या उन्हात आधीच रबराचं आयुष्य कमी. ग्रीसही लावू नको, रबर फुगतं.

दोन्ही बाजू झाल्या की पुढच्या हँगरच्या बोल्टपासून हौसिंगपर्यंतचं अंतर दोन्हीकडे मोज. ३ मि.मी.हून जास्त फरक असेल तर गाडी तिरपी चालेल आणि टायर खाईल. मग प्रॉपेलर शाफ्टचा कोन. मोबाइलचं लेव्हल अ‍ॅप पिनियनच्या (डिफच्या तोंडाच्या) फ्लँजवर आणि गिअरबॉक्सच्या फ्लँजवर धरून पाहा. शाफ्टच्या दोन टोकांच्या क्रॉसवरचे (सांध्यांवरचे) कोन एकमेकांपासून एक अंशाच्या आत हवेत. मागून उंच झालेली गाडी रिकामी असताना ६०-७० वर थरथरत असेल आणि माल भरल्यावर थरथर जात असेल, तर दोष या कोनात आहे. हौसिंग आणि पाट्यामध्ये स्टीलची उतरती पट्टी घालून तो सुधारतो. पट्टी घातली तर सेंटर बोल्ट तेवढा लांब घ्यावा लागतो.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते ब्रेककडे. हौसिंगवरून चेसीवरच्या व्हॉल्व्हकडे जाणारी एक दांडी असते. गाडी किती दबली ते पाहून तो व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला किती प्रेशर द्यायचं ते ठरवतो. गाडी १७ मि.मी. उंच बसली, शिवाय कडक पाट्यांमुळे भरल्यावर कमी दबली, की व्हॉल्व्हला वाटतं गाडी हलकी आहे. मग पूर्ण माल असतानाही मागचे ब्रेक अर्धेच लागतात, सगळा ताण पुढच्यांवर येतो आणि गाडी थांबायला जास्त अंतर घेते. उलट दांडी चुकीच्या दिशेनं ताणली तर रिकाम्या गाडीची मागची चाकं आधी जाम होऊन शेपूट फिरते. मॅन्युअलमध्ये दांडीचं रिकाम्या गाडीचं माप असतं, पण ते जुन्या पाट्यांसाठी धरलेलं. म्हणून सेटिंग गेज लावून ब्रेकचं प्रेशर तपासून देणाऱ्याकडूनच करून घे, रिकाम्या आणि भरलेल्या दोन्ही स्थितीत. नंतर मोकळ्या मुरमाच्या जागी ३० च्या वेगानं ब्रेक मारून पाहा: पुढची चाकं आधी धरली पाहिजेत, मागची नंतर. चाकं लोंबकळत असताना ब्रेकचा होज, हँडब्रेकची केबल आणि डिफची हवेची नळी ताणल्या जात नाहीत ना, तेही हात लावून बघ. शेवटी हेडलाइटचा झोत जुळवून घे, मागची उंची बदलली की तो हलतो.

पहिल्या भरलेल्या फेरीनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळ, आणि मग ५०० किलोमीटरला परत. नवा पॅक बसतो, रंगाचा थर दबतो, बोल्ट सैल होतात.

मृगाचा माल आता संपत आला असेल, म्हणजे गाडी चार-पाच दिवस उभी ठेवता येईल. पाऊस लागायच्या आत काम उरकून घे, काळ्या मातीच्या चिखलात हे बोल्ट उघडायची पाळी नको. सेंटर बोल्टपासूनची दोन्ही मापं, पाट्यांची रुंदी-जाडी आणि पोती ठेवून घेतलेला आकडा मला लिहून पाठवजो. इथल्या काउंटरवरून दोन-तीन पार्ट नंबरची मापं मिळवून कोणता पॅक जुळतो ते कळवतो. तोवर कुणाला ॲडव्हान्स देऊ नको.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
सुधाकर