लोकरीची पिशवी उलटी करणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

उरलेल्या लोकरीचं काय करायचं, हे तुमच्याआधी बऱ्याच जणांना विचारून झालं होतं. कुणी म्हणालं, एवढ्याशा धाग्यांचं काही होत नाही, टाकून द्या. शिकवणाऱ्या एका बाईंनी तर उत्तर म्हणून लोकरीच्या नव्या गुंड्यांची यादीच हातात ठेवली. आणि 'उरलेल्या लोकरीतून' असं ठसठशीत लिहिलेले छापील नमुने? खाली साहित्यात प्रत्येक रंगाची 50 ग्रॅम लोकर! प्रत्येक रंगाची 50 ग्रॅम ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे उरलेली लोकर नाही, साठा आहे.

तुम्ही कसलीही यादी दिली नाहीत, पुठ्ठ्याचाच माग करून त्यावर याच लोकरीचे छोटे चौकोन विणायला शिकवलंत. त्याआधी पिशवी टेबलावर उलटी केलीत आणि एकेक धागा दोन्ही हातांत धरून ताणून पाहू लागलात. न ताणला जाणारा एका बाजूला, ताणला जाणारा दुसऱ्या बाजूला. आणि जे बोटभर तुकडे कुणीही सहज केरात लोटले असते, ते वेचून तिसरीकडे ठेवलेत. बोलला काहीच नाहीत. हे पत्र मुख्यतः त्या तिसऱ्या ढिगासाठी आहे.

बाकीच्यांना वाटतं की पुठ्ठ्यावरचं विणकाम म्हणजे हाताला येईल तो धागा उभा बांधायचा आणि हाताला येईल तो आडवा घालायचा. तसं केलं की काम मागावर असेपर्यंत छान दिसतं आणि उतरवल्यावर आक्रसून बोळा होतं. लोकर लवचीक असते. ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्याला, ती वापरली की ताणलेल्या अवस्थेतच सगळं विणलं जातं, मग ताण सुटताच ती मूळ लांबीवर परत येते. म्हणून पहिल्या ढिगातला, न ताणला जाणारा घट्ट सुती धागाच ताण्याला. एक झटका देऊन तुटला तर तोही नको. लवदार धागाही नको, तो आडव्या धाग्याला अडकत राहतो. ही सगळी पारख तुम्ही त्या दोन हातांच्या ओढीत उरकलीत.

पुठ्ठ्याबद्दल एकच गोष्ट कुणी सांगत नाही, ती तुम्ही सांगितलीत: खोक्याच्या पुठ्ठ्याच्या आतल्या नळ्या ताण्याच्या दिशेनेच यायला हव्यात. आडव्या आल्या तर ताण बसताच पुठ्ठा मधोमध दुमडतो. 10 सेंटिमीटरच्या चौकोनाला वर-खाली अर्ध्या सेंटिमीटरवर 21 खाचा, प्रत्येक सेंटिमीटरभर खोल. पुठ्ठा 14 सेंटिमीटर रुंद, 16 लांब. ताण्याचा धागा मागून पूर्ण फिरवायचा नाही, दोन खाचांमधल्या दातामागून वळवून पुढेच आणायचा. असं केलं तर टोकांसकट साडेतीन मीटर सूत पुरतं. बोटाने दाबलं तर धागा थोडा खाली जाऊन परत यावा, एवढाच ताण. त्याहून घट्ट केला तर पुठ्ठ्याची कमान होते.

बाण्याचा, म्हणजे आडव्या धाग्याचा, हिशोब उरलेल्या धाग्यांसाठी फार कामाचा आहे. 10 सेंटिमीटर रुंदीच्या एका ओळीला साधारण 12 सेंटिमीटर लोकर लागते, कारण धागा वर-खाली जाताना वळणं घेतो. म्हणजे मीटरभर तुकड्यात आठ ओळी. मध्यम जाडीच्या लोकरीच्या चार-पाच ओळी ठोकल्या की एक सेंटिमीटर भरतो. मीटरभर तुकडा म्हणजे पावणेदोन सेंटिमीटरचा पट्टा, आणि सबंध चौकोनाला पाच-सहा मीटर पुरतात. तुकडे आधी मोजून घेतले की कुठला रंग कुठे संपणार हे कळतं. लोकर बारीक असेल तर दोन-तीन पदर एकत्र घ्यायचे. एकाच ओळीत जाड आणि बारीक असे आलटूनपालटून आले तर पट्टा एका बाजूने वर चढतो.

काठ आत ओढला जाणं हे या कामातलं सगळ्यात मोठं दुखणं. चौकोन वर जाता जाता डमरू होतो. 'सैल धरा' एवढाच सल्ला सगळीकडे मिळतो, आणि तो निरुपयोगी आहे, कारण काठावर सैल धरलं तर तिथे फासे लोंबतात. धागा सैल हवा तो मधे. ओळ सरळ न घालता मधे टेकडीसारखी उंच ठेवायची, काठाला नुसती टेकवायची आणि मग काट्याने किंवा कंगव्याने मधून दोन्ही बाजूंना खाली ठोकायची. टेकडीतली जादा लांबी त्या वळणांत जिरते. वर तुम्ही दोन्ही काठांना एकेक विणायची सुई उभी चिकटवायला सांगितलीत. बाणा काठाच्या धाग्याबरोबर सुईभोवतीही फिरतो, त्यामुळे रुंदी हलत नाही, आणि शेवटी सुया वर ओढून काढता येतात. इतका साधा उपाय इतकी वर्षं झाकून का ठेवला जातो, देव जाणे.

रंग बदलताना गाठ नाही. जुन्या धाग्याचं टोक आणि नव्याचं टोक एकाच ओळीत तीन-चार सेंटिमीटर बरोबर चालवायचं, उरलेलं मागे सोडायचं. मात्र हा जोड दर वेळी त्याच जागी आला तर तिथे फुगवटा उठतो, म्हणून तो सरकवत न्यायचा. काठावर तर मुळीच नको.

आता तो तिसरा ढीग. सात सेंटिमीटरचा तुकडा ताण्याच्या दोन धाग्यांवर आडवा ठेवायचा, दोन्ही टोकं बाहेरच्या बाजूंनी खाली नेऊन त्या दोन धाग्यांच्या मधून वर काढायची आणि गाठ खाली ओढायची. काठाचा एकेक धागा सोडला तर एका ओळीत नऊ तुकडे खपतात. मग साध्या विणीच्या दोन ओळी घट्ट ठोकायच्या. खरी पकड त्या ओळींचीच असते, त्या गाळल्या तर तुकडे ओढताच हातात येतात. चार सेंटिमीटरहून लहान तुकडा मात्र गाठीत टिकत नाही, तो उशीत भरायला. वर झुबकेदार रान तयार होतं, आणि त्यात रंग जेवढे विजोड तेवढी मजा जास्त.

गोल विणायचं असेल तर खाचा विषम हव्यात, 17 किंवा 21. सम असल्या की दुसऱ्या फेरीत धागा पहिल्यासारखाच ताण्याच्या त्याच धाग्यांवरून जातो आणि वीण पडतच नाही. ही एक ओळ कुणी आधी सांगितली असती तर किती पुठ्ठे वाचले असते!

ताई, तुम्हाला यातून मिळायचं काहीच नव्हतं. ना विकायला लोकर, ना भरायला वर्ग. समोरच्याकडे जे आहे ते नीट बघायचं आणि त्यातूनच वाट काढून द्यायची, अशी माणसं अजून भेटतात, याचंच अप्रूप वाटतं. फुकटचा सल्ला देणारे पुष्कळ. पिशवीतला एकेक धागा हातात घेऊन बघायला मात्र वेळ लागतो, आणि तो तुम्ही दिलात. मनापासून आभार.

तुमची,
पिशवीची मालकीण

ता. क. गरम भांड्याखाली ठेवायच्या चौकोनात ॲक्रिलिकचा एकही धागा नको, ते वितळून भांड्याला चिकटतं. ओळखू येत नसेल तर चिमट्यात छोटा तुकडा धरून, खाली पाण्याची ताटली ठेवून पेटवून बघायचा. खऱ्या लोकरीला जळक्या केसांचा वास येतो आणि राख चुरडली जाते, सुताला जळक्या कागदाचा, आणि ॲक्रिलिकचा वितळून कडक काळा मणी होतो. ही तपासणी तुम्ही सांगितल्यापासून धाग्यांच्या पुड्यांवर नावं लिहून ठेवली आहेत.