वही मोठ्याने वाचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्याकडे गावोगाव बचत गट आहेत. त्यांतल्या किती गटांची या महिन्यात बैठक झाली, हे मात्र कुणी विचारत नाही. योजना आली की आठ दिवसांत गट उभा राहतो आणि कर्ज वाटून झालं की पांगतो. ‘उमेद’ या बचत गटांसाठीच्या सरकारी अभियानाची पंचसूत्री सगळ्यांना तोंडपाठ असते : बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, नोंदी. पण सहा महिन्यांच्या नोंदी एकाच रात्री, एकाच शाईत भरलेल्या वह्या मी पाहिल्या आहेत.

औसा तालुक्यातल्या आमच्या गटात आम्ही १२ जणी. ५ वर्षं मी अध्यक्ष होते. दर महिन्याच्या ५ तारखेला बैठक. वेळ अमावास्येच्या सणाला अख्खं गाव रानात असतं, तेव्हा तेवढी पुढे-मागे होते. पेटी एकीकडे, चावी दुसरीकडे. आणि बैठक सुरू होताच मागच्या महिन्याचा हिशेब मोठ्याने वाचायचा, कारण आमच्यातल्या चौघी अंगठा लावतात.

या वाचनाचा दणका पहिल्यांदा मलाच बसला. पेरणीच्या तोंडावर जावेला बियाण्यासाठी ८ हजार रुपये हवे होते. बैठकीला अजून वेळ होता, म्हणून चावीवालीला गळ घालून मी देऊन टाकले. पुढच्या बैठकीत ती नोंद वाचली गेली आणि सगळ्या गप्प झाल्या. अंगठा लावणारी एक मावशी तेवढी बोलली, “बाई, पैसा तुझ्या घरचा हाय का?” सोयाबीन विकल्यावर रक्कम व्याजासकट आली, पण त्याआधीच मी पद सोडलं होतं. तेव्हापासून दर दोन वर्षांनी अध्यक्ष बदलायचा, असं ठरलं. खरं सांगायचं तर वर्षभर मला राग होता.

ठरवणं सोपं, निस्तरणं अवघड. अध्यक्ष बदलला की बँकेतल्या सह्या बदलायच्या. त्यासाठी ठराव, फोटो, आधार कार्ड आणि निदान तीन खेटे. “साहेब रजेवर आहेत”, “ठरावावर शिक्का नाही”, “सोमवारी या.” प्रत्येक खेट्याला तिघींची मजुरी बुडते, वर जीपचं भाडं वेगळं. याच कंटाळ्यापायी कित्येक गटांत एकच बाई वर्षानुवर्षं अध्यक्ष राहते. मग गट तिच्या नावानेच ओळखला जातो. ती रुसली की मोडतो.

१९९२ साली नाबार्डने, म्हणजे शेती आणि ग्रामविकासासाठीच्या राष्ट्रीय बँकेने, ५०० गट बँकांना जोडण्याचा प्रयोग हाती घेतला, तेव्हा बायकांकडे तारण म्हणून काही नव्हतं. बचत आणि वही पाहूनच कर्ज द्यायचं होतं. आज कर्जाच्या उद्दिष्टासाठी बँकेचे लोक गावात येतात, तेही मार्च जवळ आला की हमखास. मग सह्या बदलायला का येऊ नयेत? निदान प्रत्येक शाखेने महिन्यातला एक दिवस गटांसाठी ठेवावा, लागणाऱ्या कागदांची यादी दारावर लावावी आणि त्या दिवशी काम पुरं करून द्यावं. आमची पुढची अदलाबदल दिवाळीनंतर आहे.

– एक वाचक, ता. औसा, जि. लातूर