शनिवारच्या २४ मिनिटांसाठी आभार

ताई,

मुलांचे सामने आणि चढावरचा सायकलिंगचा सराव एकाच शनिवार-रविवारात कसा बसवायचा, हे तुम्ही आम्हाला शिकवलंत. त्याबद्दल हे पत्र. जाहीर लिहितोय, कारण किटच्या बॅगा आणि सायकली एकाच दाराशी उभ्या असतात अशी घरं पुष्कळ आहेत.

पहिले आभार उलट्या हिशेबाचे. सामना ९ चा असला तरी मुलांना ८ ला मैदानावर हजर राहायचं असतं. म्हणजे घर ७.३० ला सुटतं, म्हणजे सायकल ७ ला भिंतीला टेकलेली हवी. निघायची वेळ ठरवणाऱ्याला हमखास उशीर होतो, परतायची वेळ ठरवून मागे मोजत जाणाऱ्याला होत नाही. ५.४५ ते ७ ही ७५ मिनिटं. त्यात १५ मिनिटं अंग गरम करायला, चढावर ६ मिनिटांच्या ४ फेऱ्या, मधल्या ३ उतारांना पाच-पाच मिनिटं, शेवटची १० मिनिटं हलक्या पायाने घरी. बेरीज ६४. उरलेली ११ मिनिटं मोकळीच ठेवा म्हणालात, ती पंक्चरची.

लांब राइड हुकली म्हणून हळहळणाऱ्याला तुम्ही एकच विचारता: चढावर किती मिनिटं गेली? इथे २४ गेली. सपाटीवर तीन तास फिरून येणाऱ्याच्या वाट्याला कित्येकदा तेवढीही येत नाहीत. जवळ लांब चढ नसेल तर ६०० मीटरचा, ७ टक्क्यांचा चढही पुरतो. एका फेरीत ४२ मीटर उंची, १० फेऱ्यांत ४२०.

पहिली फेरी सोपी वाटली पाहिजे, हा तुमचा आग्रह. एका श्वासात दोन-तीन शब्द बोलता यावेत, पूर्ण वाक्य नको. चौथी फेरी पहिलीपेक्षा १० सेकंदांहून जास्त रेंगाळली, तर चूक चौथीत नसते, पहिलीत असते. आणि पहिली दीड-दोन मिनिटं हार्ट रेटच्या आकड्याकडे बघायचंच नाही. ठोके जोराच्या मागून चढतात. आकडा गाठायला म्हणून सुरुवातीलाच दामटलं, की शेवटची दोन मिनिटं पाय शिशाचे होतात.

गियरचं गणित मात्र तुम्ही कागदावर मांडून दिलंत, आणि ते प्रत्येक चढणाऱ्याने एकदा करून बघावं. माणूस आणि सायकल मिळून ८० किलो, चढ ८ टक्के, कॅडेन्स (पेडलचे मिनिटाला फेरे) ८०. पुढच्या चक्राला ३४ आणि मागच्याला २८ दात असतील तर वेग ताशी साधारण १२ किलोमीटर पडतो आणि नुसतं वर चढायलाच सुमारे २१५ वॅट लागतात. मागे ३४ दात असतील तर वेग १० वर येतो आणि १७५ वॅटमध्ये काम होतं. पायांत २१५ वॅट नसले की कॅडेन्स ऐंशीच्या खाली घसरते, प्रत्येक पेडलला गुडघ्यावर जोर पडतो, आणि दुपारी मैदानाच्या कडेला उभं राहिल्यावर तो गुडघा बोलायला लागतो. मोठं कॅसेट (मागच्या चक्रांचा संच) घालणं म्हणजे कमीपणा नव्हे, हे तुम्ही ठणकावून सांगितलंत ते बरं झालं. सोबतची ताकीदही महत्त्वाची: डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) तेवढे दात पेलतो का आणि चेनची लांबी पुरते का, हे आधी तपासा. चेन आखूड राहिली आणि पुढे-मागे दोन्हीकडे मोठ्या चक्रावर गेली, तर डिरेलर ओढला जाऊन मोडतो.

दोन्ही दिवस सामने असले की घरातल्या एकाने शनिवारी चढायचं, दुसऱ्याने रविवारी. हुकलेला सराव दुसऱ्या दिवशी दुप्पट करून भरायचा नाही. चार तास उन्हात उभं राहणं हेही पायांवरचं ओझंच आहे, म्हणून त्या संध्याकाळी जोराच्या फेऱ्या नकोत. ४० मिनिटं सपाटीवर, नाहीतर सरळ झोप.

मैदानापर्यंत चढाच्या रस्त्याने सायकलवर जायचं आणि येताना ती गाडीत टाकायची, ही युक्तीही तुमचीच. त्यात काय बिघडतं तेही तुम्ही आधीच सांगून ठेवलंत. सायकल उजव्या कुशीवर ठेवली आणि वर किटची बॅग पडली, की डिरेलरचा हँगर (तो सायकलला जोडणारा धातूचा तुकडा) आत वाकतो. सपाटीवर काही जाणवत नाही. पुढच्या चढावर सगळ्यात मोठ्या चक्रावर गियर टाकला की डिरेलर सरळ स्पोकमध्ये जातो. म्हणून चेन आधीच मागच्या मोठ्या चक्रावर घ्यायची, म्हणजे डिरेलर आत दबून राहतो. सायकल डावीकडे निजवायची, फक्त पुढचं चाक काढायचं. गाडीतून उतरवल्यावर मागे उभं राहून बघायचं: डिरेलरची दोन छोटी चाकं आणि कॅसेटचं चक्र एका रेषेत दिसलं पाहिजे.

आणि तो प्लॅस्टिकचा पिवळा तुकडा. डिस्क ब्रेकच्या सायकलचं चाक काढलेलं असताना मागच्या सीटवरच्या कुणी गंमत म्हणून ब्रेकचा लिव्हर दाबला, तर पॅड एकमेकांना चिकटतात आणि घरी चाक बसत नाही. तुकडा पॅडच्या मध्ये सरकवला की प्रश्नच मिटला. नसेल तर प्लॅस्टिकच्या टायर लिव्हरने (टायर उचकटायच्या पट्टीने) पॅड हळूच मागे रेटायचे, स्क्रूड्रायव्हरने नाही. तुम्ही दिलेला तुकडा आता गाडीच्या किल्लीलाच अडकवला आहे.

तुमचे ऋणी,
दोन सायकली आणि तीन किट-बॅगांच्या घरातले आम्ही दोघे