काका, त्या सीडीबद्दल आभार

ती. काका,
सा. न. वि. वि.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही लगेच ‘जेवलीस का?’ विचारता आणि विषय तिथंच संपतो. म्हणून चारचौघांत लिहिते आहे.

ह्यूस्टनला आले तेव्हा कंट्री संगीत म्हणजे ट्रक, बिअर आणि हॅट, एवढीच माझी समजूत. तुम्ही वाद घातला नाहीत. ‘द हायवेमेन’ या चार कंट्री गायकांच्या गटाचा शेवटचा अल्बम हातात ठेवलात, १९९५ सालचा ‘द रोड गोज ऑन फॉरेव्हर’, आणि म्हणालात, “आधी गीतकारांची नावं वाच, मग ऐक.” गाण्याआधी कवीचं नाव सांगणाऱ्या आकाशवाणीवर वाढलेला माणूसच असं सांगणार!

जॉनी कॅश, वेलन जेनिंग्ज, विली नेल्सन, क्रिस क्रिस्टॉफरसन. चौघेही स्वतः लिहिणारे. तरी इथं प्रत्येकाचं स्वतःचं गाणं एकेकच, बाकीची सगळी दुसऱ्यांची. शीर्षकगीत तर तुमच्या ह्यूस्टनमध्येच जन्मलेल्या रॉबर्ट अर्ल कीनचं. गोळी शेरी झाडते, गुन्हा सनी अंगावर घेतो. त्याला विजेच्या खुर्चीची शिक्षा झाल्याची बातमी वाचून ती नव्या कोऱ्या मर्सिडीजमधून निघून जाते. पश्चात्ताप नाही की शिकवण नाही. साठीच्या आसपासच्या या मंडळींनी निरोपाची रडगाणी न गाता हे निवडलं, याचंच मला जास्त कौतुक.

‘लिव्ह फॉरेव्हर’चं मात्र तुम्ही सांगितलं नसतं तर मला कधीच कळलं नसतं. ते बिली जो शेव्हर आणि त्याचा मुलगा एडी या बापलेकांचं. वेलनचा १९७३चा ‘हाँकी टाँक हीरोज’ जवळजवळ सगळा याच शेव्हरच्या गाण्यांवर उभा होता, आणि बावीस वर्षांनी तीच लेखणी पुन्हा. एडी २०००च्या शेवटच्या दिवशी गेला. हे कळल्यापासून ते गाणं मी कामं करता करता लावत नाही.

निर्माता डॉन वॉझ. आदल्याच वर्षी रोलिंग स्टोन्सचा अल्बम केलेला माणूस, पण इथं त्यानं म्हाताऱ्या आवाजांना इस्त्री केली नाही. क्रिसचा खरखरीत गळा आहे तसा ठेवला. ‘डेथ अँड हेल’बद्दल आपलं अजून जमत नाही. कॅश बापलेकांचं असलं तरी मला ते ओढूनताणून वाटतं. रागवा खुशाल.

१९८५मध्ये त्यांचं ‘हायवेमन’ हे गाणं कंट्रीच्या लोकप्रियतेच्या यादीत पहिलं आलं. तसं यश या अल्बमला मिळालं नाही, म्हणून दुकानातून तो मी कधी उचललाच नसता. वेलन २००२ला गेले, कॅश २००३ला. क्रिस २०२४च्या सप्टेंबरात गेले, ते मला तुमच्याच फोनवरून कळलं. त्या दिवशी तुम्ही जेवणाचं विचारायला विसरलात.

२००५च्या आवृत्तीसोबतची स्टुडिओतल्या चित्रीकरणाची डीव्हीडी मिळाली आहे. माझ्याकडे प्लेअर नाही, तुमच्या माळ्यावर नक्की असेल. दिवाळीला घेऊन येते. काकूंना नमस्कार.

तुमची,
खालच्या मजल्यावरची