डभोईच्या रस्त्याबद्दल, तळेगावच्या मित्रास

बडोदे

प्रिय अनंता,
सप्रेम नमस्कार.

काकूंना गरुडेश्वरला आणतोयस, फार बरं झालं. टेंबे स्वामींच्या समाधीची त्यांची ओढ जुनी आहे. बडोद्याहून डभोई, तिलकवाडा, गरुडेश्वर असाच ये. रस्ता चौपदरी आहे. केवडियाचा सरदार पटेलांचा १८२ मीटरचा पुतळा २०१८ मध्ये उभा राहिल्यापासून सुटीच्या दिवशी गर्दी असते, म्हणून सकाळी लवकर निघू.

प्रतापनगर, सोमा तलाव, मग कपुराई चौकडीला हायवे ओलांडला की शहर संपतं. केलनपूरपर्यंत बघण्यासारखं काही नाही, काकूंना डुलकी काढू दे. भिलापूरला मात्र मी गाडी थांबवणार. तुमच्या बनेश्वराला ज्यांची समाधी आहे ना, त्या खंडेराव दाभाड्यांचा मुलगा, सेनापती त्र्यंबकराव, १ एप्रिल १७३१ ला इथल्याच रानात पडला. आणि समोर कोण, तर पहिले बाजीराव!

गुजरातच्या चौथाईवर दाभाड्यांचा जुना हक्क. पेशव्यांनी तिथल्या सुभेदाराशी परस्पर करार केला, तो त्र्यंबकरावांच्या जिव्हारी लागला आणि त्यांनी निजामाशी संधान बांधलं. बाजीरावांनी निजामाची फौज येऊन मिळायच्या आत त्यांना गाठलं. सेनापतींना गोळी लागली आणि लढाई तिथेच संपली. पुढे शाहू महाराजांनी त्र्यंबकरावांच्या आई उमाबाईंची समजूत काढली, धाकट्या यशवंतरावांना सेनापतिपद दिलं, पण कारभार गेला मुतालिक, म्हणजे त्यांच्या वतीने काम बघणाऱ्या पिलाजी गायकवाडांकडे. तेही दाभाड्यांच्या बाजूनेच लढले होते. पुढच्याच वर्षी डाकोरला त्यांचा खून झाला, बडोदं हातचं गेलं. १७३४ मध्ये त्यांचे भाऊ महादजींनी ते परत घेतलं, ते कायमचंच. माझ्या मते बडोद्याच्या गादीचा पाया शहरातल्या जुन्या मांडवीत नाही, या भिलापुरात शोधावा. इथले आपले लोक सयाजीरावांच्या आधीच्या इतिहासात जातच नाहीत, याचा मला राग येतो. तुम्हा तळेगावकरांनाही पेशव्यांवर रुसायला आणखी एक जागा मिळेल!

डभोईत शिरताना पश्चिमेची वडोदरी भागोळ लागते. वेशीला इथे भागोळ म्हणतात. कोट गुजरातच्या वाघेला राजांच्या काळातला, तेराव्या शतकातला. पण वेळ राखून ठेव पूर्वेच्या हिरा भागोळीसाठी, तिच्यावरचं कोरीवकाम बघताना मान दुखते.

आणि तुझ्यासारख्या रेल्वेवेड्यासाठी: बडोद्याच्या खंडेराव महाराज गायकवाडांनी १८६२ मध्ये डभोई ते मियागाम नॅरोगेज टाकली, देशातली पहिली. गाडी ओढायला बैल! इंजिनं नियमित धावू लागली ती १८७३ पासून. एके काळी डभोई हे आशियातलं सर्वांत मोठं नॅरोगेज जंक्शन म्हणून मिरवायचं. आता प्रतापनगरहून डभोईमार्गे केवडियापर्यंत ब्रॉडगेज झाली आहे, जानेवारी २०२१ मध्ये ती सुरू झाली. सोय झाली खरी, पण त्या छोट्या डब्यांची मजा गेली.

डभोईहून चांदोदला फाटा आहे, नर्मदा आणि ओरसंगचा संगम. बडोद्याची मराठी घरं अस्थी घेऊन तिथेच जातात. काकांचं काही करायचं मनात असेल तर आधी सांग, गुरुजींशी बोलून ठेवतो. मग एका दिवसात गरुडेश्वर उरकणार नाही, मुक्कामाची सोय बघावी लागेल. काकूंचे गुडघे कसे आहेत तेही कळव, घाटाला पायऱ्या बऱ्याच आहेत.

तुझा,
विनू