डिग्रीचा हप्ता आणि धंद्याचं पहिलं वर्ष

मा. संपादक,
स.न.वि.वि.

बारावीचा निकाल लागला की तुमच्या करिअर पुरवणीत उद्योजकतेच्या डिग्रीच्या जाहिराती लई दिसतात, बीबीए आंत्रप्रेन्युअरशिप, एमबीए आंत्रप्रेन्युअरशिप, आणि त्या बघून मायबाप विचारायलेत की लेकराला घालावं का. मी लातुरात दाळमिलवाले, आडते, किराणा दुकानदार यांचे जीएसटी आणि इन्कम टॅक्सचे रिटर्न भरतो, त्यामुळं धंदा कुठं चालतो नि कुठं अडकतो ते वह्यांमधून रोज दिसतं, म्हणून हे पत्र.

लातूरला फी भरायची सवय आहे. अकरावी-बारावीच्या क्लाससाठी लोक रान गहाण टाकतात, आणि त्यात निदान एक हिशोब असतो, की डॉक्टरकीची डिग्री असल्याशिवाय दवाखाना टाकता येत नाही, डिग्री हाच परवाना आहे. उद्योजकतेच्या डिग्रीचं तसं नाही. दाळमिल टाका, मसाल्याचं युनिट टाका, पॅकिंगचा धंदा करा, तुमचं शिक्षण कुणी विचारत नाही. लहान उद्योगाची सरकारी उद्यम नोंदणी २०२० पासून ऑनलाइन आहे, फुकट आहे, आधार आणि पॅन असलं की होते. जीएसटी नंबरला मार्कशीट लागत नाही. म्हणजे ही डिग्री परवाना नाही, फक्त शिकवण आहे, आणि शिकवण म्हणूनच तिची किंमत करायला पाहिजे, पण मायबाप मेडिकलच्या मापानं फी मोजायलेत.

आता पैशाचं बघू. समजा पुण्या-मुंबईकडच्या खाजगी कॉलेजात एमबीएची दोन वर्षांची फी, होस्टेल, मेस धरून ८ लाख कर्ज झालं. साडेदहा टक्क्यांनी सात वर्षांचा हप्ता बसतो महिन्याला साधारण साडेतेरा हजार, आणि शिकत असतानाचं व्याज चढतं ते वेगळंच. त्यात त्या दोन वर्षांत पोरगं कुठं दुकानात, मिलमध्ये काम करून महिन्याला दहा-बारा हजार कमावलं असतं तर ते अडीच-तीन लाख पण गेले, ते कुणी धरत नाही. नोकरीची डिग्री असती तर पगारातून हप्ता निघाला असता. पण धंद्याचं पहिलं वर्ष असं असतं की त्यात घरी काही येतच नाही, उलट घरातून जातं. माल रोखीनं घ्यायचा, विकायचा उधारीवर, मशीनचा हप्ता, लाइट बिल, हमाली, बारदाना, आणि नेमका त्याच वेळेला डिग्रीचा हप्ता सुरू. मग पोरगं काय करतं, नोकरी धरतं. धंदा करायला शिकलं आणि शिकण्याच्या कर्जापायी धंदा करता येईना, हे मला फार वाईट वाटतं.

ह्याच्यापेक्षा मोठी अडचण तारणाची आहे आणि तिच्याबद्दल कुणीच बोलत नाही. शैक्षणिक कर्ज ४ लाखांपर्यंत सहसा तारणाशिवाय मिळतं, साडेसात लाखांपर्यंत जामीनदार, आणि त्याच्या वर गेलं की बँका तारण मागतात. काही नामांकित संस्थांना सूट आहे, पण आपली बहुतेक पोरं तिथं नसतात. बँकेला ह्या कर्जात शेतजमीन तारणाला सहसा चालत नाही, म्हणून घर किंवा प्लॉट द्यावा लागतो, आणि बाप सहकर्जदार म्हणून सही करतो. दोन वर्षांनी पोरगं धंद्याचं कर्ज मागायला जातं तेव्हा घर आधीच गहाण, बापाच्या सिबिलवर कर्ज दिसतंय, स्वतःच्या नावावर पण दिसतंय. धंद्यासाठी जी एक चीज हातात होती ती डिग्रीत गुंतली.

दुसऱ्या बाजूला पीएमईजीपी बघा, म्हणजे नवा उद्योग टाकायला बँकेच्या कर्जावर अनुदान देणारी केंद्राची योजना. उत्पादनाच्या प्रोजेक्टला ५० लाखांपर्यंत, सेवा उद्योगाला २० लाखांपर्यंत, ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला २५ टक्के अनुदान, महिला, एससी, एसटी, ओबीसी, अल्पसंख्याक यांना ३५ टक्के. स्वतःचे घालायचे १० टक्के, ह्या खास गटांना ५ टक्केच. आणि उत्पादनाचा प्रोजेक्ट १० लाखांच्या वर असेल तर शिक्षणाची अट काय, आठवी पास! म्हणजे २० लाखांच्या मिनी दाळमिलला एखाद्या पोरीला स्वतःचे १ लाख लागतात. मी असं म्हणत नाही की अर्ज केला की पैसे मिळाले, फाइल बँकेत अडकते, अनुदान तीन वर्षं ठेवीत लॉक राहतं, मंजूर किती होतं ते प्रोजेक्ट रिपोर्टवर आणि शाखेतल्या साहेबावर असतं. पण आठ लाख हातात असतील तर त्यांचे हे दोन रस्ते एकमेकाशेजारी ठेवून बघितले पाहिजेत एवढंच.

आणि शिकायचंच असेल तर स्वस्तातलं पण आहे. महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र १९८८ पासून आहे आणि त्याचं मुख्यालय आपल्याच छत्रपती संभाजीनगरला आहे, आपल्या लोकांना हेच माहीत नसतं. आरसेटीमध्ये, म्हणजे बँकांच्या स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थांमध्ये, खेड्यातल्या पोरापोरींना राहणं-खाणं धरून फुकट ट्रेनिंग मिळतं. ते काही दिवसांचं असतं, दोन वर्षांच्या कोर्सची खोली त्याला नाही, मान्य, पण धंदा आपल्याला झेपतो का एवढं कळायला ते पुरतं.

डिग्रीचा फायदा होतच नाही असं मी म्हणणार नाही, कारण झालेला बघितलाय. एका दाळमिलवाल्याचा पोरगा असा कोर्स करून आला, बाप सगळी दाळ पोत्यात भरून दलालाला द्यायचा, ह्यानं प्रतवारीप्रमाणं खर्च वेगळा काढला, एक किलोचं पॅकिंग सुरू केलं, कुठल्या गिऱ्हाइकाला उधारी बंद करायची ते ठरवलं, आणि दोन सीझनमध्ये मिलच्या वह्यांचा रंग बदलला. पण मिल तयार होती, गिऱ्हाईक होतं, बँकेत सीसी लिमिट (धंद्याला लागेल तसं उचलायचं कर्ज) होतं, फी बापानं रोखीनं भरली होती. ज्याच्याकडं काहीच नाही त्याला तीच डिग्री तेवढं देत नाही. दुसरं, पोरींचं. ओळखीतली एक पोरगी औशाकडची, घरचे तिला मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, कधी बसू देणार नव्हते, पण एमबीएला पुण्याला जायला परवानगी मिळाली, तिथं तिला बोलायचं धाडस आलं आणि माल घेणारे लोक ओळखीचे झाले. ह्याची किंमत हप्त्यात मोजता येत नाही आणि मोजूही नये.

पण वर्गात येत नाहीत अशा गोष्टी पण आहेत. २०२३ च्या जूनमध्ये केंद्रानं तूर आणि उडदाच्या साठ्यावर मर्यादा घातली तेव्हा मिलवाल्यांना काही दिवसांत खरेदीचं सगळं गणित फिरवावं लागलं, ते ज्यांना जमलं ते मोंढ्यात लहानाचे मोठे झालेले लोक होते. किंवा इन्कम टॅक्स कायद्याच्या कलम ४३बी मधली ती ४५ दिवसांची अट, सूक्ष्म-लघु उद्योगाचं बिल वेळेत दिलं नाही तर त्या वर्षी खर्च वजा मिळत नाही, २०२३-२४ पासून लागू झाली आणि त्यापायी किती उधारीच्या पद्धती बदलल्या. हे काउंटरवर बसूनच कळतं. म्हणून मला जे विचारतात त्यांना मी सांगतो, पोराला आधी इथंच बीकॉमला घाला, सोबत कुणाच्या तरी गल्ल्यावर बसवा, तुरीचे दोन सीझन बघू द्या, आणि मग त्याला स्वतःला वाटलं की मला कॉस्टिंग येत नाही, मार्केटिंग येत नाही, तेव्हा डिग्रीला पाठवा. तेव्हा तो काय शिकायचं ते ठरवून जाईल.

तुमच्याकडं एक मागणं आहे. ह्या जाहिरातींत मोठ्या अक्षरात आकडा असतो प्लेसमेंटच्या पॅकेजचा. उद्योजक घडवायच्या कोर्सला नोकरीचा पगार हा निकाल कसा असेल? पुरवणीत कॉलेजांची माहिती छापताना त्यांना विचारा की पाच वर्षांपूर्वी पास झालेल्यांपैकी किती जणांचा जीएसटी नंबर आज चालू आहे, त्यातले किती पहिल्या पिढीचे आणि किती वडिलांच्याच धंद्यात गेले, आणि धंद्यात पडलेल्या पोरांना हप्त्यासाठी कॉलेज काही मदत करतं का. जे कॉलेज उत्तर देईल त्याचं नाव उत्तरासकट छापा, जे देणार नाही त्याच्यापुढं जागा कोरी सोडा. आणि हे प्रवेशाच्या फेऱ्या सुरू व्हायच्या आधी छापा, कारण एकदा फी भरली की ती परत मिळवायला लोकांना लई खेटे घालावे लागतात.

आपला,
एक टॅक्स सल्लागार, लातूर